दिवाळीनंतर परदेशी डोंगरात सायकल: आल्प्स, नेपाळ की न्यूझीलंड?

टेकडीवासी (पुणे)

नमस्कार मंडळी.

आम्ही चौघे पुणेकर सायकलस्वार 2026 च्या दिवाळीला जोडून परदेशात माउंटन बाइकिंगला जाण्याचा बेत आखत आहोत. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज आटोपल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, अशी चारही घरांची अट आहे. त्यानंतर मात्र दोन आठवड्यांची रजा सगळ्यांना मिळते. माणशी अडीच लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

आमच्याकडे पुढे सस्पेन्शन असलेल्या, मागे नसलेल्या साध्या हार्डटेल सायकली आहेत. सिंहगड, बोपदेव घाट आणि पानशेतकडचे कच्चे रस्ते नेहमीचे आहेत, त्यामुळे चढाची भीती कोणालाच नाही. व्हिडिओ पाहून सर्वांचे मन फ्रान्समधल्या मोर्झीनवर बसले आहे: गोंडोल्याने, म्हणजे केबलकारच्या लिफ्टने, सायकलसह वर जायचे आणि दिवसभर उतरत राहायचे. व्हिसा, सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी आणि विमा, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लेमानकाठ (जिनिव्हा)

टेकडीवासी, तुमच्या तीनही प्रश्नांच्या आधीचा प्रश्न महिन्याचा आहे. मोर्झीन, ले जे, शातेल, आव्होरियाझ आणि सीमेपलीकडचे स्विस शांपेरी ही सगळी गावे ज्या पोर्त द्यु सोलेय क्षेत्रात येतात, तिथे उन्हाळ्यातल्या लिफ्ट साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. त्यानंतर हिवाळी बर्फाच्या हंगामापर्यंत त्या देखभालीसाठी बंद असतात. नोव्हेंबरच्या मध्याला तुम्ही मोर्झीनमध्ये उतरलात, तर निम्मी हॉटेले बंद, भाड्याच्या सायकलींची दुकाने बंद आणि वरच्या उतारांवर पहिला बर्फ, असे दृश्य दिसेल. कॅनडातल्या व्हिसलरचा विचार मनात आला असेल, तर तिथला बाइक पार्कही ऑक्टोबरातच आवरतो.

म्हणून आधी महिना ठरवावा आणि मग देश. रजा जुलैमध्ये हलवता येत असेल, तर आनंदाने या. सह्याद्रीत त्या वेळी धुवांधार पाऊस असतो आणि इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. बारा गावांची ही सगळी क्षेत्रे एकाच लिफ्ट पासावर फिरता येतात, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात असल्यामुळे त्याच व्हिसावर दुपारच्या जेवणाला सीमा ओलांडून परत येता येते. फक्त फोनचा युरोपीय डेटा पॅक स्वित्झर्लंडमध्ये चालतो का, हे आधी पाहून ठेवावे, कारण डोंगरात सीमेची पाटी कधी मागे पडते ते कळतही नाही.

धूळवाट (नाशिक)

लेमानकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तारीख हलणारच नसेल, तर युरोपात एकच जागा उरते, ती म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचे फिनाले लिगुरे. तिथे लिफ्ट नाहीत. व्हॅनच्या मागे लावलेल्या गाड्यावर सायकली चढवून सुमारे हजार मीटर उंचीवरच्या जुन्या नाटो तळापर्यंत नेतात आणि तिथून फुटलेल्या पायवाटा जंगलातून, चुनखडीच्या खडकांवरून थेट समुद्रापर्यंत उतरतात. हवामान सौम्य असल्यामुळे वसंत आणि शरद हे तिथले खरे हंगाम आहेत. मात्र ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा लिगुरियातला मुसळधार पावसाचा काळ असतो. शेंगेनचे 90 युरो शुल्क, युरोपचे तिकीट आणि व्हॅनचे भाडे भरून खिडकीतून पाऊस पाहण्याची पाळी येऊ शकते.

मला विचाराल तर नोव्हेंबर हा नेपाळचा महिना आहे. पावसाळा संपलेला, हवा स्वच्छ, दिवस कोरडे. आणि जाताना एक पै व्हिसाला लागत नाही.

टेकडीवासी (पुणे)

मनापासून आभार. लिफ्टच्या तारखा पाहण्याचे आमच्या डोक्यातच आले नव्हते. जुलैमध्ये रजा मिळण्याची शक्यता चौघांपैकी दोघांनाच आहे, त्यामुळे आल्प्स यंदा बाद.

नेपाळबद्दल मात्र मनात थोडा किंतु आहे. तिथे जाणारे लोक ट्रेकिंगलाच जातात, अशी आमची समजूत आहे. सायकलसाठी खरोखर वाटा आहेत का, की जीपच्या धुळीतूनच चालवावी लागते? शिवाय एका मित्राचे आई-वडील गेल्या वर्षी मुक्तिनाथ यात्रेला जाऊन आले. त्यांच्या मते रस्ता आता थेट देवळाजवळ पोहोचला आहे.

अनघड (कोल्हापूर)

आई-वडिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि तुमच्या बेतासाठी ते सोयीचेच आहे. रस्ता वर जाण्यासाठी वापरायचा आणि उतरताना शक्य तिथे तो सोडायचा.

मुस्तांग जिल्ह्याचा खालचा भाग सायकलसाठी उत्तम आहे. धौलागिरी (8,167 मीटर) आणि अन्नपूर्णा (8,091 मीटर) यांच्यामधून काली गंडकी वाहते आणि त्या खोऱ्यात मार्फा, जोमसोम, कागबेनी ही गावे 2,700 ते 2,800 मीटर उंचीवर आहेत. मुक्तिनाथखालची राणीपौवा ही वस्ती सुमारे 3,700 मीटरवर आहे. तिथून खाली तातोपानीपर्यंत आलात, तर सुमारे अडीच हजार मीटरची उतराई होते आणि शेवटी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसता येते. वैराण करड्या पठारावरून निघून सफरचंदाच्या बागांतून, मग पाइनच्या जंगलातून आणि शेवटी केळी-संत्र्यांच्या प्रदेशात पोहोचणे, असा बदल इतक्या थोड्या अंतरात मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेला नाही.

खरी मेजवानी लुप्राच्या वाटेची आहे. राणीपौव्यावरून समोरचा डोंगर चढून कड्यावर पोहोचायचे आणि पलीकडे लुप्रा या बोन धर्मीयांच्या (बोन हा तिबेटचा जुना धर्म) छोट्या गावाकडे उतरायचे. वाट जेमतेम हातभर रुंद, माती भुसभुशीत, वळणे लागोपाठ आणि समोर धौलागिरी. वळणावर मागचे चाक हलकेच सरकते आणि बारीक खडे कडेवरून खाली घरंगळत जातात. सायकल तिथेच उभी करून क्षणभर बसावेसे वाटते. गावानंतर नदीचे कोरडे पात्र लागते, गोट्यांतून जावे लागते आणि शेवटी जोमसोमच्या रस्त्याला लागता येते. तुमच्या हार्डटेलवर हे होईल, पण सीट खाली करण्याची सोय, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, असेल तर फार फरक पडतो.

आता महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची. सकाळी ऊन चढले की वरचे मुस्तांग पठार तापते आणि खालची हवा त्या चिंचोळ्या घळीतून वर ओढली जाते. त्यामुळे साधारण दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रचंड वारा वाहतो. तुम्ही उतरणार दक्षिणेकडे, म्हणजे वारा तोंडावर. कागबेनी ते मार्फा या पट्ट्यात उतार असूनही पेडल मारावे लागते आणि डोळ्यांत वाळू जाते ती वेगळीच. उजाडताच निघावे आणि अकराच्या आत मुक्कामी पोहोचावे. जोमसोमची विमानेसुद्धा याच कारणाने सकाळीच उडतात.

परवाना अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना तो 1,000 नेपाळी रुपयांत मिळतो, इतरांना 3,000 पडतात. कागबेनीच्या उत्तरेला वरचे मुस्तांग सुरू होते. तो प्रतिबंधित भाग असून त्याचा परवाना वेगळा आणि महाग आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला तिकडे वळू नये.

चाकोरीबाहेर (ठाणे)

अनघड ताईंनी चित्र सुंदर रंगवले आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. खालच्या बेनी गावापासून जोमसोमपर्यंत हा रस्ता झाल्यापासून अन्नपूर्णा परिक्रमेचा, म्हणजे अन्नपूर्णेभोवतीच्या लांब ट्रेकचा, तो भाग पायी जाणाऱ्यांनी जवळजवळ सोडून दिला आहे आणि त्यामागे कारण आहे. यात्रेच्या हंगामात जीप आणि बस यांची रांग लागते आणि जिथे डांबर नाही तिथे पीठ उडावे तशी धूळ उडते.

दुसरे, पोखरा–जोमसोम विमानाचा मोह धरू नये. 29 मे 2022 रोजी याच मार्गावर विमान कोसळून 22 जण दगावले. त्यांत आमच्या ठाण्याचे एक कुटुंब होते, त्यामुळे तो दिवस इथे कोणी विसरलेले नाही. त्यात ती विमाने लहान, सामानाची मर्यादा कडक, चार सायकली एका वेळी जातीलच याची खात्री नाही.

अनघड (कोल्हापूर)

चाकोरीबाहेर, विमानाबाबत तुमचे म्हणणे मान्य, आणि त्याला आणखी एक कारण जोडते. पोखरा जेमतेम 800 मीटरवर आहे. विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत 2,700 मीटरवर उतरण्यापेक्षा जीपने तातोपानीला एक मुक्काम करून चढणे शरीरालाही मानवते. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. कागबेनीहून राणीपौव्याला हा नियम थोडा मोडतो, म्हणून कागबेनीत दोन रात्री काढाव्यात.

रस्त्याबाबत मात्र मतभेद आहे. पायी जाणाऱ्यांनी नदीच्या दुसऱ्या तीरावरून नव्या वाटा आखून घेतल्या आहेत. मुख्य वाटेवर लाल-पांढऱ्या आणि उपवाटांवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. स्थानिक सायकल मार्गदर्शक त्यांतल्या चालवण्याजोग्या वाटा ओळखतात. पोखऱ्याहून असा एक मार्गदर्शक घ्यावाच. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. मात्र या वाटा मुळात गावकऱ्यांच्या आणि खेचरांच्या आहेत, तेव्हा खेचरांचा तांडा दिसला की उतरून डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही.

आणि परिक्रमा पूर्ण करण्याच्या मोहाने 5,416 मीटरच्या थोरोंग ला खिंडीतून सायकल नेण्याचा विचार कोणी करत असेल, तर दोन आठवड्यांत तो बसवू नये. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष तिथे पोहोचले आणि ऐन हंगामात झालेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे गेली. स्वच्छ महिन्यातही तिथे राखीव दिवस लागतात.

पोहुतुकावा (ऑकलंड)

न्यूझीलंडचे नाव शीर्षकात आहे म्हणून थोडक्यात लिहितो. नोव्हेंबरात इथे वसंत असतो आणि रोटोरुआच्या रेडवुड जंगलातल्या वाटा बाराही महिने चालतात. त्या सहा श्रेणींत विभागलेल्या आहेत, त्यामुळे नवख्यालाही आपली पायरी सापडते. अपघात झाल्यास उपचारांचा मोठा भाग सरकारी अपघात भरपाई योजना पाहुण्यांसाठीही उचलते. मात्र ती परतीच्या प्रवासाचा खर्च देत नाही. अडीच लाखांत दोन आठवडे इथे ओढाताणीचे होतील, हे स्पष्ट सांगतो.

स्वतःची सायकल आणणाऱ्यांनी ती आगमन पत्रकात जाहीर करावी आणि टायरच्या खाचांतली, बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने घासून धुऊन आणावी. जैवसुरक्षा अधिकारी पेट्या उघडून पाहतात आणि जाहीर न केल्यास जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे.

चेन-स्प्रॉकेट (कोथरूड)

सायकली दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून बांधाबांधीपुरते लिहितो.

काठमांडू आणि पोखऱ्यात दोन्ही सस्पेन्शनच्या चांगल्या सायकली भाड्याने मिळतात आणि तुमच्या चौघांपैकी ज्यांच्या सायकलीचे फोर्क (पुढचे चाक धरणारा सस्पेन्शनचा दुपायी भाग) जुने झाले आहेत, त्यांनी भाड्याचीच घ्यावी. स्वतःची नेणाऱ्यांनी दुकानात नवी सायकल येते तो पुठ्ठ्याचा खोका मागून घ्यावा, बहुतेक दुकानदार फुकट देतात. पेडल काढावेत (डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे विसरून लोक पाना मोडतात), हँडल सैल करून आडवे फिरवावे, पुढचे चाक काढून फोर्कच्या दोन पायांमध्ये आधाराचा तुकडा बसवावा. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवावी, कारण चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात आणि काठमांडूत पहिली सकाळ ते मागे ढकलण्यात जाते. मागचा डिरेलर, म्हणजे गीअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत बांधावा. टायरमधली हवा कमी करावी.

सोबत काय घ्यावे, याची यादी सगळे देतात, मी एकच वस्तू आग्रहाने सांगतो: डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि तुमचा जोमसोमला मिळणार नाही. तो मोडला तर गीअर गेले. हवा भरण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्या मात्र घरी ठेवाव्यात. नियमांत त्यांना थोडी सूट असली तरी सुरक्षा तपासणीत त्या बहुधा काढून घेतात. हातपंप न्यावा. खोका 23 किलोच्या आत बसवावा आणि तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून सायकल स्वीकारत असल्याचे लेखी घ्यावे.

महागडी सायकल असेल, तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून फ्रेम क्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. परत येताना ती परदेशात घेतलेली नाही, हे सिद्ध करण्याचा सोपा मार्ग तोच आहे.

पॉलिसीवाचक (मुंबई)

विम्याबाबत कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात आणि माउंटन बाइकिंग त्यात मोडते की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये. पॉलिसीच्या मजकुरात तीन गोष्टी शोधाव्यात: खेळाचे नाव, उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटका. काही पॉलिसींत 3,000 मीटरची मर्यादा असते, म्हणजे राणीपौव्याला पोहोचताच तुमचा विमा संपला.

नेपाळमध्ये हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या आणीबाणी क्रमांकावर कळवून मंजुरी घ्यावी. गरज नसताना पर्यटकांना हेलिकॉप्टरने उतरवून बिले लावण्याच्या प्रकारांची 2018 मध्ये नेपाळ सरकारने चौकशी केली होती आणि तेव्हापासून कंपन्या या बाबतीत काटेकोर झाल्या आहेत. तो क्रमांक मार्गदर्शकाच्या फोनमध्येही असावा, कारण पडलेला माणूस स्वतः फोन करू शकेलच असे नाही.

कागदपत्रांत मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्यावा. विमानाने नेपाळला जाताना 15 ते 65 वयोगटातल्यांचे आधार कार्ड चालत नाही आणि विमानतळावरून परतलेले लोक दर हंगामात दिसतात.

लेमानकाठ (जिनिव्हा)

जुलैमध्ये रजा मिळू शकणाऱ्या त्या दोघांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करावी. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, पण ही किमान रक्कम व्हिसापुरती आहे. वरच्या प्रतिसादातली खेळाची अट इथेही लागू होते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये डाव्या. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही, पण तीव्र उतारावर सवयीने डाव्या हाताने मागचा ब्रेक म्हणून जोरात दाबलात, तर पुढचे चाक जागीच थांबते आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता. मोर्झीनच्या दुकानांना ब्रिटिश पाहुण्यांमुळे ही अडचण पाठ आहे, सांगितले की ते ब्रेक अदलाबदल करून देतात. दुकानाबाहेर पडण्याआधी डावा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी.

आणि मोकळेपणाने सांगायचे, तर सिंहगड चढणाऱ्या पायांचा इथे फारसा उपयोग नाही. लिफ्टने दिवसाला पाच-सहा हजार मीटर उतरणे सहज घडते. दुपारनंतर मांड्या शाबूत असतात, पण बोटांना ब्रेक आवळवत नाही आणि बहुतेक अपघात त्याच वेळी होतात. येण्याआधी उभे राहून उतरण्याचा सराव करावा, आणि पहिले दोन दिवस हिरव्या-निळ्या पाटीच्या, म्हणजे सोप्या, वाटांवरच काढावेत. अवघड वाटेची लाल पाटी कुठे पळून जात नाही.

टेकडीवासी (पुणे)

सर्वांचे ऋण मानावे तितके थोडे. काल रात्री चौघे बसलो आणि यंदा नेपाळ, पुढच्या जुलैत दोघांचे मोर्झीन, असे ठरले. आखणी अशी केली आहे:

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुंबई–काठमांडू विमान. पुढच्या दिवशी पर्यटक बसने पोखरा. तिथे एक दिवस परवाने, भाड्याच्या दोन सायकली ताब्यात घेणे आणि सरावासाठी जवळच्या सारंगकोट टेकडीची चढ-उतर. मग मार्गदर्शकासह जीपने तातोपानी, तिथून कागबेनी. कागबेनीत दोन रात्री. मग सायकलने राणीपौवा, मुक्तिनाथचे दर्शन आणि मुक्काम. पुढच्या सकाळी लुप्रामार्गे जोमसोम–मार्फा. मार्फाहून दोन दिवसांत तातोपानी. तिथून जीपने पोखरा, आणि पोखऱ्याहून सकाळच्या बसने काठमांडू गाठून त्याच रात्रीच्या विमानाने मुंबई. दोन दिवस हाताशी उरतात, ते पोखऱ्यात तलावाकाठी घालवण्याचा विचार आहे.

काही चुकत असेल तर सांगावे.

अनघड (कोल्हापूर)

आखणी चांगली आहे, दोनच बदल सुचवते.

उरलेले दोन दिवस पोखऱ्यात घालवू नका. एक दिवस कागबेनीच्या वर राखून ठेवा: राणीपौव्यात कोणाचे डोके दुखू लागले, तर लुप्राचा चढ दुसऱ्या दिवसावर ढकलता येईल आणि कोणावर निघण्याचा दबाव राहणार नाही. दुसरा दिवस काठमांडूसाठी ठेवा. पोखरा ते काठमांडू अंतर 200 किलोमीटरच आहे, पण दरडी, रुंदीकरण आणि ट्रकांच्या रांगा यांमुळे बसला किती तास लागतील, हे चालकही सांगत नाही. त्याच रात्रीचे विमान धरणे हा जुगार आहे, आणि सायकली खोक्यात परत बांधायला निवांत दुपार हवीच.

दुसरा बदल दर्शनाचा. राणीपौव्याला पोहोचलेल्या दुपारीच देवळात जाऊन या. ते वस्तीच्या वर आहे आणि थोडे वर चढून पुन्हा खाली झोपायला येणे उंचीसाठीही चांगले. 108 धारांखाली अंघोळ करायची असेल, तर तीही त्याच वेळी उन्हात उरकावी. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी पाण्याच्या पिशवीची नळी गोठलेली असते, आणि तुम्हाला त्या सकाळी वारा सुटण्याआधी कड्यावर पोहोचायचे आहे.